स्कूबाचे श्रेय स्पंज काढणाऱ्यांचे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तारकर्ली-मालवणच्या स्कूबा डायव्हिंगवर आलेला लेख वाचला. हंगाम कोणता, खर्च किती, पाण्याखाली काय पाहायला मिळते ही माहिती नेटकी आणि उपयोगाची आहे, त्याबद्दल लेखकाचे आभार. मात्र लेखाच्या सुरुवातीला 'या छंदाचे मूळ प्राचीन ग्रीसमध्ये आहे' असे सांगून पुढचे दोन परिच्छेद सिकंदर काचेच्या पेटीत बसून समुद्रतळाशी उतरल्याच्या गोष्टीवर खर्ची घातले आहेत, शिवाय ही हकीकत अरिस्टॉटलने नोंदवून ठेवल्याचेही म्हटले आहे. मूळ ग्रीसमध्ये आहे हे मलाही मान्य आहे. ते सिकंदराच्या दारात नेऊन ठेवणे मात्र मान्य नाही, आणि का मान्य नाही ते जरा विस्ताराने लिहितो.

इ. स. पू. ३३२ मध्ये सिकंदराने टायर या बंदराला वेढा घातला आणि त्या लढाईत पाणबुडे होते, इथपर्यंत सारे खरे. पण ते पाणबुडे शत्रूचे होते. मॅसिडोनियन जहाजे तटाजवळ नांगर टाकून उभी राहिली की टायरचे लोक पाण्याखालून येऊन नांगरांचे दोर कापून टाकत, आणि अखेर दोरांच्या जागी साखळ्या लावल्यावरच हा उपद्रव थांबला, असे ग्रीक इतिहासकार एरियनने लिहिले आहे. सिकंदर स्वतः समुद्रतळाशी उतरल्याचा उल्लेख ना एरियनमध्ये आहे ना चरित्रकार प्लुटार्कमध्ये. काचेच्या पेटीची गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर शतकानुशतके वाढत गेलेल्या अद्भुतकथांमधली आहे. ती युरोपभर पसरली तशी फारसीच्या वाटेने आपल्याकडेही आली. अमीर खुसरोने ती काव्यात घेतली आणि अकबराच्या काळात, १५९७-९८ च्या सुमारास, त्याच्या काव्याच्या पोथीसाठी काढलेले सिकंदराला समुद्रात सोडतानाचे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चित्र फार देखणे आहे, पण त्याला ऐतिहासिक पुरावा म्हणता येणार नाही. अरिस्टॉटलच्या नावावरील ग्रंथांत तर सिकंदराच्या बुडीचा शब्दही नाही. तेथे जे आहे ते माझ्या मते त्या पेटीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे, आणि नेमके तेच लेखातून सुटले आहे.

निसर्गातील निरनिराळ्या कोड्यांचा एक मोठा प्रश्नसंग्रह अरिस्टॉटलच्या नावाने प्रसिद्ध आहे. तो त्याच्या शिष्यपरंपरेत हळूहळू जमत गेला, असे अभ्यासक मानतात. त्याचा बत्तिसावा भाग कानांविषयी आहे, आणि कानांविषयी बोलताना हे तत्त्वज्ञ पुन्हा पुन्हा समुद्रातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांकडे वळतात. समुद्रात बुडी मारणाऱ्यांचे कान का फुटतात? ते कानांभोवती स्पंज का बांधतात? कानांत तेल का घालतात? कान आणि नाकपुड्या चिरून का घेतात? हे प्रश्न बंद खोलीत बसून सुचण्यासारखे नाहीत. त्यांच्यामागे कोणीतरी धक्क्यावर जाऊन ओल्या अंगाने वर आलेल्या माणसाला काही विचारले असले पाहिजे. उत्तरे आजच्या दृष्टीने बरीचशी चुकीची आहेत. मधल्या कानातली हवा आणि बाहेरचा दाब यांचा मेळ बसला नाही की पडदा फाटतो, हे त्यांना उमगलेले नव्हते. पण दुखणे कुठे आहे हे त्यांनी अचूक हेरले होते. आज तारकर्लीला प्रथमच पाण्यात उतरणाऱ्याला प्रशिक्षक सगळ्यात आधी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायला लावतो, कान मोकळे झाल्याची खूण करायला सांगतो आणि दर एक-दोन मीटरला तेच करून घेतो. ज्या दुखण्यावर ही साधी युक्ती आहे, त्याच दुखण्यासाठी एजियन समुद्रातील माणसे नाकपुड्यांना चिरा देत होती.

त्याच प्रकरणात ते प्रसिद्ध तपेलेही आहे. पाणबुड्यांना श्वास घेता यावा म्हणून त्यांच्याकडे एक तपेले उपडे करून खाली सोडतात. ते सरळ खाली रेटले तर पाण्याने भरत नाही, आत हवा राहते, आणि जरा कलले की पाणी आत शिरते, असे तेथे सांगितले आहे. बादलीत उपडा पेला दाबून हे कोणालाही पडताळून पाहता येईल. डायव्हिंगच्या इतिहासात हे वाक्य नेहमी उद्धृत होते, पण ते प्रत्यक्षात आणायचे तर काय काय करावे लागेल याचा विचार सहसा कोणी करत नाही. तीस लिटर हवा धरणारे तपेले पाण्याखाली न्यायचे तर ती हवा सुमारे तीस किलोच्या जोराने वर उसळते. म्हणजे भांडे स्वतः तरी तितके जड हवे, नाहीतर त्याला शिसे किंवा दगड बांधायला हवेत. दहा मीटरवर पाण्याचा आणि वातावरणाचा एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्यामुळे हवा आकसून निम्मी होते आणि तपेले अर्धे पाण्याने भरते. वीस मीटरवर हवा तिसऱ्या हिश्श्याएवढीच उरते. शिवाय काही श्वासांतच ती हवा कोंदट होऊन जाते. तेव्हा हे तपेले म्हणजे कामाच्या मध्येच दोन-चार श्वास घेण्याची सोय होती, तास-अर्धा तास पाण्याखाली राहण्याची नव्हे.

तरीही आजच्या स्कूबाचा खरा पूर्वज शोधायचा असेल तर तो मला या तपेल्यातच दिसतो. वरून श्वास भरून उतरणाऱ्या माणसाच्या फुप्फुसातली हवा खाली गेल्यावर आकसते आणि वर आल्यावर मूळ आकाराला येते. तिच्यापासून फुप्फुसाला इजा नाही. पण दहा मीटरवर तपेल्यातली दाबाखालची हवा छातीत भरून घेतली आणि श्वास कोंडून वर आले तर तीच हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. 'श्वास कधीही रोखून धरू नका' हा आजच्या स्कूबाचा पहिला नियम त्या तपेल्यापाशी लागू होतो, त्याआधी नाही. तपेल्यातून श्वास घेऊन वर येताना किती जण दगावले असतील याची नोंद कोणत्याही तत्त्वज्ञाने ठेवलेली नाही.

पाणबुड्यांच्या श्वास घेण्याच्या नळीचा उल्लेख अरिस्टॉटलने दुसऱ्या एका ठिकाणी केला आहे. प्राण्यांच्या अवयवांविषयीच्या ग्रंथात हत्तीच्या सोंडेचे वर्णन करताना तो म्हणतो की काही पाणबुडे पाण्यावरची हवा ओढून घेण्यासाठी साधन वापरतात, त्याचप्रमाणे हत्ती पाण्यातून जाताना सोंड वर काढून श्वास घेतो. उपमा सुंदर आहे, पण माणसाच्या बाबतीत तिला मर्यादा आहे. एक मीटर खोलीवर छातीवर पडणाऱ्या दाबाविरुद्ध फासळ्यांचे स्नायू वरची हवा ओढू शकत नाहीत, म्हणूनच आजची स्नॉर्केलची नळी हातभराहून लांब नसते. हत्तीला ते जमते, कारण त्याच्या फुप्फुसाभोवती आपल्यासारखी पोकळी नसून फुप्फुस छातीच्या भिंतीला तंतूंनी चिकटलेले असते. हे गेल्या काही दशकांतले संशोधन. वेळूच्या लांब नळीतून श्वास घेत कोसच्या कोस पाण्याखालून गेलेल्या वीरांच्या गोष्टी त्यामुळे बाजूलाच ठेवाव्या लागतात.

अशा वीरांत स्किओनीच्या स्किलियासचे नाव पहिले. इ. स. पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस ग्रीसवर चालून आला तेव्हा पेलियनच्या किनाऱ्यावर वादळात त्याची जहाजे फुटली. त्यांतील पुष्कळशी संपत्ती या पाणबुड्याने इराण्यांना काढून दिली, काही स्वतःकडेही ठेवली आणि नंतर तो ग्रीकांना जाऊन मिळाला. अफेटीपाशी बुडी मारून ऐंशी स्टेडिया, म्हणजे चौदा-पंधरा किलोमीटर, पाण्याखालून जाऊन तो थेट ग्रीक आरमार होते त्या आर्टेमिशियमला वर आला, असे लोक सांगत. इतिहासकार हिरोडोटस ही वदंता जशीच्या तशी देतो आणि लगेच म्हणतो की याच्याविषयी काही गोष्टी खोट्या वाटतात, काही खऱ्या आहेत, आणि माझे मत विचाराल तर तो नावेतून आला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा लेखक आपल्या पुरवणीच्या लेखकापेक्षा सावध होता, असे म्हटल्यास राग नसावा. पुढे सुमारे सहाशे वर्षांनी पॉसेनियस या प्रवासवर्णनकाराच्या लेखनात हीच गोष्ट वाढलेली दिसते. आता स्किलियासबरोबर त्याची मुलगी हिद्ना आहे, दोघे वादळात झर्क्सिसच्या जहाजांचे नांगर तोडतात, आणि डेल्फीला दोघांचे पुतळे उभे राहतात, त्यांतला मुलीचा पुतळा नीरो उचलून नेतो. मुलगी होती की नाही हे आज ठरवता येणार नाही. पण कालानुक्रमे ज्याने आधी लिहिले त्याला ती ठाऊक नाही, एवढे तरी लक्षात घ्यायला हवे.

युद्धात पाणबुडे वापरल्याचे निर्विवाद पुरावे इतिहासकार थ्युसिडिडीजकडे मिळतात आणि ते अगदी साधे आहेत. इ. स. पू. ४२५ मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर अडकलेल्या स्पार्टन सैनिकांना पाणबुड्यांनी मधात कालवलेली खसखस आणि कुटलेले जवस कातडी पिशव्यांत भरून, दोरीने मागे ओढत नेऊन पोहोचवले. इ. स. पू. ४१३ मध्ये सिराक्यूजच्या बंदरात पाण्याखाली ठोकलेले खांब अथेन्सकडच्या पाणबुड्यांनी मोबदला घेऊन करवतीने कापले. यात पेटी नाही, नळी नाही. दम आहे आणि मोबदला आहे.

हा मोबदलाच मला महत्त्वाचा वाटतो. प्राचीन ग्रीसमध्ये पाण्याखाली जाणे हा छंद नव्हता, पोटापाण्याचा उद्योग होता. स्पंज लागायचा तो आंघोळीला, भांडी घासायला, चिलखताच्या आत मऊ अस्तर म्हणून घालायला. तो काढणाऱ्याचे सगळ्यात जवळून घेतलेले वर्णन इ. स. दुसऱ्या शतकातील ऑपियन या कवीच्या मासेमारीवरील काव्यात आहे. माणसाच्या कमरेला लांब दोर बांधलेला, एका हातात शिशाचा जड गोळा, उजव्या हातात धारदार कोयता आणि तोंडात तेलाची चूळ. शिशाच्या वजनाने तो भराभर तळाला जातो, तेथे तेल थुंकतो, त्या तेलाने पाण्यात उजेड पडल्यासारखे दिसू लागते, तो खडकावरचे स्पंज कापतो आणि दोर हलवतो. वरचे सोबती क्षणाचाही विलंब न लावता त्याला ओढून घेतात. वर आल्यावर त्याचे गात्र न् गात्र भीतीने आणि श्रमाने गळालेले असते, आणि कधी कधी दोराला वर येते ते जलचरांनी फाडलेले शरीर. यापेक्षा वाईट काम दुसरे नाही, असे ऑपियन स्पष्ट म्हणतो.

ही परंपरा तेथे तुटली नाही, आणि प्राचीन ग्रीसला आजच्या स्कूबाशी जोडणारा दुवा मला येथेच सापडतो. कालिम्नोस आणि सिमी या ग्रीक बेटांवरचे पाणबुडे एकोणिसाव्या शतकातही शिशाऐवजी दोराला बांधलेला सपाट जड दगड हातात धरून त्याच रीतीने उतरत होते. १९१३ मध्ये कार्पाथोस बेटापाशी 'रेजिना मार्गेरिता' या इटालियन युद्धनौकेचा हरवलेला नांगर सिमीच्या स्ताथिस हात्झिसने असाच दगड धरून सत्तर मीटरांहून अधिक खोलीवरून शोधून दिला. इटालियन डॉक्टरांनी त्याला तपासले तेव्हा त्याच्या कानांचे पडदे कधीच निकामी झालेले होते.

तोपर्यंत या बेटांवर नवे यंत्र येऊन पन्नास वर्षे झाली होती. वरच्या पंपातून नळीवाटे हवा घेणारा, तांब्याच्या शिरस्त्राणाचा डायव्हिंगचा पोशाख १८६३ च्या सुमारास सिमीला आला. एका दमात दोन-तीन मिनिटे काम करणारा माणूस आता तासभर तळावर चालू लागला, स्पंजाचे ढीग लागले, व्यापाऱ्यांची घरे दुमजली झाली, आणि पाठोपाठ कंबरेखाली लुळी पडलेली तरुण माणसे बेटावर दिसू लागली. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, ही त्यामागची क्रिया पॅरिसच्या पॉल बर या शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये प्रयोगांनिशी मांडली, आणि तिच्यासाठी त्याला जी माहिती मिळाली तिच्यात या ग्रीक स्पंज काढणाऱ्यांच्या लकव्याच्या आणि मृत्यूंच्या नोंदी होत्या. टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याचे कोष्टक ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हॉल्डेनने १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. तेथपासून आजच्या डायव्हरच्या मनगटावरच्या छोट्या संगणकापर्यंतची वाट सरळ आहे. तो संगणक 'आता पाच मीटरवर तीन मिनिटे थांबा' असे सांगतो, त्यामागे पहिली किंमत कोणी मोजली हे आपल्या पुरवणीने एका ओळीत तरी सांगायला हवे होते. कालिम्नोसवर आजही एक नाच होतो. त्यात पुढचा नर्तक काठीवर रेलून, पाय थरथरवत, लुळ्या पडलेल्या पाणबुड्यासारखा पावले टाकण्याची धडपड करतो.

याच माणसांनी जगाला अँटिकिथेराचे यंत्र दिले. १९०० मध्ये कप्तान दिमित्रिओस कोंडोस याची सिमीची नौका वादळामुळे अँटिकिथेरा बेटाच्या आडोशाला थांबली होती. वेळ वाया जाऊ नये म्हणून इलियास स्तादियातिस स्पंज शोधायला सुमारे पंचेचाळीस मीटर खाली गेला आणि घाबरून वर आला. तळाशी माणसांची आणि घोड्यांची कुजकी प्रेते पडली आहेत, असे तो सांगू लागला. कोंडोस स्वतः खाली गेला आणि एका ब्राँझच्या पुतळ्याचा हात घेऊन आला. पुढे ग्रीक सरकारसाठी याच पाणबुड्यांनी ते बुडालेले जहाज उपसले. हॉल्डेनचे कोष्टक अजून सात-आठ वर्षे दूर होते. एक जण मेला, दोघांना लकवा झाला. १९०२ मध्ये त्या ढिगाऱ्यातील एका गंजलेल्या गोळ्यात दाते असलेली चाके दिसली आणि ग्रहगणिताचे जगप्रसिद्ध यंत्र उजेडात आले. त्याच जागी पुढे फ्रेंच समुद्रसंशोधक जाक-इव्ह कुस्तो स्कूबाची नळकांडी पाठीला लावून उतरला.

कुस्तोचे नाव आले म्हणून दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर मीही सगळेच ग्रीकांच्या पदरात टाकतो असे व्हायचे. पाठीवरच्या नळकांड्यातील दाबाची हवा, श्वास घेतला तेव्हाच आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने देणारा रेग्युलेटर हे स्कूबाचे मर्म आहे, आणि ते फ्रेंच आहे. रूकेरोल आणि देनेरूझ यांनी १८६० च्या दशकात त्याचे एक रूप बनवले होते, आणि १९४३ मध्ये कुस्तो व अभियंता एमिल गान्यां यांनी ते हौशी माणसाच्या आवाक्यात आणले. प्राचीन ग्रीकांकडे हवा दाबून भरण्याचे साधन नव्हते, त्यामुळे त्यांनी 'स्कूबा केले' असे म्हणता येणार नाही. आज शिकवतात ते कान, दाब आणि श्वास यांचे प्रश्न मात्र त्यांच्या किनाऱ्यावर आधी विचारले गेले, आणि त्यांची उत्तरे बऱ्याच अंशी त्यांच्याच वंशजांच्या शरीरांवरून मिळाली.

गंमत अशी की खुद्द ग्रीसमध्ये हौशी डायव्हरला २००५ च्या कायद्यापर्यंत फार थोड्या ठिकाणी उतरता येत असे, कारण तळावरचा प्राचीन ठेवा पर्यटकांच्या पिशव्यांतून जाईल अशी सरकारला धास्ती होती. मला ती धास्ती योग्य वाटते. आता चित्र पालटते आहे. अलोनिसोस बेटाजवळ पेरिस्तेरा येथे इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या व्यापारी जहाजातील तीन-चार हजार मद्यकुंभांची रास २०२० पासून पाण्याखालचे संग्रहालय म्हणून खुली झाली आहे. हे ठिकाण स्किलियासच्या आर्टेमिशियमपासून फार लांब नाही.

तेथे जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना आपण अवश्य छापावी. ती रास बावीस ते तेहतीस मीटर खोलीवर आहे. स्कूबाच्या पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा अठरा मीटर असते, आणि तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून मारलेल्या बुडीला तर प्रमाणपत्रच मिळत नाही. त्यामुळे तीस मीटरपर्यंतचा पुढचा अभ्यासक्रम आधी पूर्ण करावा लागेल, मान्यताप्राप्त मार्गदर्शकाबरोबरच उतरावे लागेल आणि कशालाही हात लावता येणार नाही. ज्यांना पाण्यात उतरायचे नाही त्यांच्यासाठी अलोनिसोस गावातील माहिती केंद्रात आभासी दर्शनाची सोय आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
दादर, मुंबई